कोंबडीच्या अंगावर गाठ दिसली? ब्लेड उचलण्याआधी हे वाचा

आमच्या घरची पहिली कोंबडी रोगाने मेली नाही, आमच्याच हाताने मेली. ही गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. पण आपल्या वस्तीत दर दोन-चार घरांआड कोंबडी आहे आणि आम्ही केलेली चूक आजही कुठे ना कुठे होत असते, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन सोलापुरात आले त्याला पुष्कळ वर्षे झाली. घरात विड्या वळणे चाले, शेजारीपाजारी माग चालत. अंगणात सासूबाईंची एक तांबडी कोंबडी होती. सासूबाईंना मी आत्या म्हणते. एका संध्याकाळी कोंबडीला डालग्याखाली झाकायला गेले तर तिच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ हाताला लागली. सकाळी काही नव्हते आणि संध्याकाळी एवढी गाठ! आम्ही घाबरलो. शेजारची बाई म्हणाली, "गळू हाय त्ये, फोडून टाका की. न्हाईतर जायची कोंबडी." आत्यांनी नवे ब्लेड आणले. मी कोंबडी धरली. कापले तर पू नाही, रक्तही फार नाही. आतून आल्या ज्वारीच्या कण्या आणि भिजलेल्या भाकरीचे तुकडे.

दुसऱ्या दिवशी रात्री कोंबडी मेली. पुढे कितीतरी वर्षांनी गुरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा कळले की ते गळू नव्हतेच. ते तिचे संध्याकाळचे जेवण होते!

एका कोंबडीची किंमत

कुणी म्हणेल, एका कोंबडीचे एवढे काय? ज्याच्या घरी पगार महिन्याच्या एक तारखेला येतो त्याने असे म्हणावे. साधी देशी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. ती भाकरीच्या तुकड्यांवर, निवडलेल्या धान्याच्या कचऱ्यावर, किड्यामुंग्यांवर जगते. तिच्यासाठी वेगळा खर्च जवळजवळ नसतो. तिची अंडी मुलांच्या पोटात जातात आणि उरलेली विकून जे चार पैसे येतात ते बाईच्या हातात येतात. त्या पैशांचा हिशेब नवरा मागत नाही. वही, पेन, एस.टी.चे भाडे, तापाची गोळी, असे कितीतरी खर्च अंड्यांच्या पैशातून निघतात. त्यामुळे कोंबडी मेली की बाईच्या हातातला तेवढा पैसा जातो.

म्हणून भगिनींनो, पहिली गोष्ट मनात पक्की ठेवा. सूज हे रोगाचे नाव नाही. सूज ही खूण आहे. ती अंगावर कुठे आहे यावरून आत काय चालले आहे ते कळते. गळ्याखालच्या सुजेचा उपाय वेगळा, पायाच्या सुजेचा वेगळा आणि तोंडावरच्या सुजेचा आणखी वेगळा. जागा न ओळखता केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

हात लावण्याआधी मोजणी करा

सुजलेली कोंबडी दिसली की तिला उचलण्याआधी बाकीच्या कोंबड्यांकडे बघा. एकच कोंबडी आजारी आहे की अनेक? आदल्या दिवशी शेजारी कुणाच्या कोंबड्या मेल्या का? आसपास कावळे मरून पडले आहेत का?

एकाएकी अनेक कोंबड्या मरत असतील, डोके व चेहरा सुजला असेल, तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या निळ्या-जांभळ्या पडल्या असतील, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. हा बर्ड फ्लू असू शकतो. भारतात पहिल्यांदा तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो आला. मार्च २०२५ मध्ये तर खुद्द सोलापूर शहरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. म्हणजे हा रोग आता आपल्या दारापर्यंत येऊन गेला आहे. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका, आणि "मरण्याआधी कापून खाऊ" हा विचार तर मुळीच करू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कळवल्याने आपले नुकसान होईल ही भीती अनेकांना वाटते. पण लपवल्याने अख्ख्या वस्तीचे नुकसान होते. निरोगी कोंबडीचे मांस आणि अंडी मात्र नीट शिजवून खायला हरकत नसते. सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत आतून-बाहेरून शिजले की हा विषाणू मरतो.

एकच कोंबडी आजारी असेल आणि ती चालती-फिरती असेल तर तिला वेगळ्या डालग्यात ठेवा आणि मग तपासा. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, नंतर हात साबणाने धुवा. धरताना दोन्ही पंख अंगालगत दाबून, कोंबडी काखेत घ्यावी. छाती आवळू नये. आपल्या पोटात श्वासासाठी जो पडदा असतो तो कोंबडीला नसतो. तिची छाती खाली-वर झाली तरच तिला श्वास घेता येतो. घट्ट आवळलेली कोंबडी हातातच गुदमरते.

आणखी एक. "अंग तापलंय, ताप आलाय" असे म्हणून कोंबडीला माणसांच्या तापाच्या गोळ्या देणारे लोक आहेत. कोंबडीचे अंग मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. आपल्या हाताला ती नेहमीच गरम लागणार.

गळ्याखालची गाठ

कोंबडीला दात नाहीत. ती टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या एका पिशवीत साठवते. तिथे तो भिजतो आणि मग हळूहळू पुढे जातो, जिथे खड्यांच्या मदतीने दळला जातो. कलेजी-पेट्यातला पेटा म्हणतो ना, तेच ते दळण्याचे पोट. त्याच्या आधीची ही अन्नाची पिशवी संध्याकाळी भरलेली असते, गोटा लागतो. पहाटेपर्यंत रिकामी होते, हाताला लागतही नाही. म्हणून या गाठीची परीक्षा एकच: रात्री काही खायला न देता झाका आणि पहाटे दाणा टाकण्याआधी हात लावून बघा. गाठ गेली असेल तर कोंबडी ठणठणीत आहे. एवढी एक गोष्ट आम्हाला माहीत असती तर आत्यांची तांबडी कोंबडी जगली असती.

पहाटेही गाठ तशीच असेल तर मात्र अडचण आहे. दाबून बघा. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर पिशवीत काहीतरी अडकले आहे. पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागली आणि चोचीला आंबूस घाण वास येत असेल तर आतले अन्न आंबले आहे, त्यात बुरशी वाढली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुसऱ्या कोंबडीला अशी घट्ट गाठ झाली. या वेळी ब्लेड कुणी आणले नाही. चारा बंद केला, पाणी ठेवले. गोडेतेलाचे थेंब चोचीच्या कडेला सोडले आणि ते तिने स्वतः गिळू दिले. घशात ओतले नाही, कारण श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते. तेल तिकडे गेले तर कोंबडी दगावते. मग बोटांनी हलके हलके चोळले. कुणीतरी म्हणाले, "उलटी धरा, ओकारी काढा." तेही केले नाही, कारण ओकलेले अन्न छातीत जाऊन तिचा जीव जातो. दुसऱ्या दिवशीही गाठ तशीच राहिली तेव्हा टोपलीत घालून सरकारी गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जागा बधिर करून छोटी चीर घेतली आणि चिमट्याने काय काढले असेल? सूत! मागावरचे तुटके धागे, बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंत, गवतासह गुंतून गोळा झालेले. दोन थरांना वेगवेगळे टाके घातले. काही दिवस मऊ खाणे दिले. पुढे ती पुन्हा अंड्यावर आली.

आत्या त्या गोळ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "कापलं तर ह्यांनी बी आणि म्या बी. पर त्यांना ठावं हुतं कुठं कापायचं."

सोलापूरच्या वस्तीत हा धोका जास्त आहे. चादरी-टॉवेलांच्या मागांवरचे सूत, चिंध्या, प्लॅस्टिकचे दोरे अंगणात पडलेले असतात. कोंबडी किडा समजून धागा ओढते. तेव्हा झाडलोटीचा कचरा उघड्यावर टाकू नका. आपल्यापैकी ज्या घरांत माग किंवा शिलाईयंत्र आहे त्यांनी धाग्यासाठी एक वेगळी पिशवी दाराला अडकवली तरी पुरते.

आंबलेल्या पिशवीचे काय? चारा एक दिवस बंद, स्वच्छ पाणी सुरू, आणि सुधारणा नसेल तर दवाखाना. बुरशीचे औषध वेगळे असते, ते आपण अंदाजाने देऊ नये.

पायाची सूज

कोंबडी लंगडते, पाय उचलून उभी राहते, आणि तळव्याला काळी खपली व भोवती सूज दिसते. वेड्या बाभळीचा काटा, काच, पत्र्याची धार, किंवा उंचावरून टणक जमिनीवर मारलेली उडी, यांनी तळवा फुटतो आणि जंतू आत शिरतात. इथे आपल्या माणसांचा ठरलेला उपाय म्हणजे दाबून पू काढणे. कोंबडीचा पू माणसासारखा पातळ नसतो. तो पनीरासारखा घट्ट गोळा होतो. कितीही दाबले तरी वाहत नाही, उलट जंतू आणखी खोल जातात.

सूज थोडी आणि ताजी असेल तर घरी हे करता येते. कोमट पाण्यात मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून ठेवावा. पुसून कोरडा करावा. वर दिसणारा काटा चिमट्याने काढावा. पोव्हिडोन आयोडीनचे औषध लावून स्वच्छ सुती पट्टी बांधावी, फार घट्ट नाही. कोरड्या भुश्यावर किंवा जुन्या पोत्यावर ठेवावी, पट्टी रोज बदलावी. सूज वाढत असेल, नडगीपर्यंत चढली असेल किंवा कोंबडी खात नसेल तर दवाखाना. आणि बसायची काठी गुडघ्याहून उंच बांधू नका. उंचावरून मारलेली उडी हे निम्मे कारण आहे.

एकाच बोटाला सूज असेल तर आधी नीट बघा, धागा गुंडाळला आहे का. कोमट पाण्यात भिजवून लहान कात्रीने एक-एक फेरा कापावा. बोट काळे पडले असेल तर आपण कापाकापी करू नये.

तोंडावरची सूज

डोळ्याखाली फुगवटा, नाकातून घाण वासाचे पाणी, डोळा चिकटलेला, ही कोंबड्यांची संसर्गाची सर्दी असते. ती एकीवरून दुसरीवर पाण्याच्या भांड्यातून जाते. आजारी कोंबडी वेगळी करा, भांडे धुवा, डोळा कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा आणि औषध डॉक्टरांकडून घ्या.

तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कडेला चामखिळीसारखे फोड आणि मग काळ्या खपल्या, याला कोंबडीची देवी म्हणतात. नाव देवी आहे म्हणून आजही काही घरांत औषधाला हात लावत नाहीत, लिंबू उतरवतात, कोंबडी कुणाला तरी सोडून देतात. हा विषाणू आहे, मुख्यतः डासांमार्फत आणि जखमांतून पसरतो. माणसांतली देवी १९७५ नंतर भारतात दिसली नाही. ती लसीकरणाने गेली, नवसाने गेली नाही. कोंबडीची देवी वेगळी. ती माणसाला होत नाही. फक्त अंगावर फोड असतील तर तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. त्या ओढून काढू नका. डोळे पुसा, मऊ खाणे द्या, साठलेले पाणी ओता म्हणजे डास कमी होतील. फोड तोंडात, घशात गेले आणि श्वास घरघरू लागला तर मात्र उशीर करू नका. बाकीच्या निरोगी कोंबड्यांना लस टोचून घ्या.

पोटाची सूज

कोंबडी ताठ उभी राहते, शेपटी खाली, वारंवार जोर करते, पण अंडे येत नाही. अशी अंडे अडलेली कोंबडी बाळंतपणात अडलेल्या बाईसारखीच असते. कोमट पाण्याच्या घमेल्यात पंधरा-वीस मिनिटे बुडाकडून बसवावी, मग कोरडी करून अंधाऱ्या उबदार जागी ठेवावी. बुडाला गोडेतेल लावावे. बोट घालून अंडे ओढू नये, आत फुटले तर कोंबडी वाचत नाही. काही तासांत सुटका झाली नाही तर थेट दवाखाना. अंडी देणाऱ्या कोंबडीला कॅल्शियम कमी पडू नये म्हणून अंड्याची टरफले भाजून, बारीक कुटून चाऱ्यात मिसळत जावे.

पोट पाण्याच्या पिशवीसारखे लोंबत असेल, कोंबडी धापा टाकत असेल, तर आत पाणी किंवा बिघाड आहे. त्यावर घरी करण्यासारखे काही नाही, आणि हे मोकळेपणाने मान्य करणे हेही शहाणपण आहे.

कातडीखालची हवा

कधीकधी कोंबडी एकाएकी फुग्यासारखी फुगते. दाबले की कागद चुरगळावा तसा आवाज येतो. मांजराने धरल्यावर किंवा जोराने आपटल्यावर आतली हवेची पिशवी फाटते आणि हवा कातडीखाली शिरते. बघणाऱ्याला करणी वाटते, पण ती निव्वळ हवा असते. कोंबडी खात-पीत असेल तर तिला शांत ठेवा. थोडी हवा आपोआप जिरते. जास्त असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने काढतात. घरची सुई, दाभण नको.

जे कधीच करू नये

सुजेवर तापलेल्या सळईचा डाग देऊ नये. रॉकेल पाजू नये, चोळूही नये. घरात उरलेल्या माणसांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नयेत. असल्या औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि तेच अंडे आपण मुलाला देतो. डॉक्टरांनी औषध दिले तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे विचारून घ्यावे. आजारी कोंबडी बाजारात खपवू नये. आपल्या घरचे दुखणे दुसऱ्याच्या घरी पाठवणे, याला व्यवहार म्हणत नाहीत.

आणि मुळात आजारच येऊ नये म्हणून लस. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात; पुढची आणि देवीची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास टोचतात. लसीची कुपी अनेक पिल्लांना पुरते, एका घराला ती महाग पडते. चार-पाच घरांनी मिळून आणली, एकाच दिवशी पिल्ले गोळा केली, तर खर्च वाटला जातो. आमच्या गल्लीत आता असेच करतो. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून विचारता येते.

घरात एक लहान डबा करून ठेवा: पोव्हिडोन आयोडीनची बाटली, कापूस, धुतलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, चिमटा, मीठ. या डब्यात ब्लेड ठेवू नका.

आत्या आता थकल्या आहेत. डोळ्यांना कमी दिसते. पण पहाटे अजून त्याच उठतात, डालगे उचलतात आणि दाणा टाकण्याआधी प्रत्येक कोंबडीच्या गळ्याखाली बोटे फिरवतात. परवा नातीने विचारले, "आजी, रोज काय बघतीस गं?" त्या म्हणाल्या, "रातचं जेवण उतरलं का बघते." आणि मग दाण्याची मूठ उघडली.